पाचव्या पानाचा हिशेब

दिवाळीत ज्या घरांत तीन पत्तीचा फड बसतो, तिथे मध्यरात्रीच्या पुढे, नेहमीच्या डावांचा कंटाळा आला की कोणीतरी 'मुफलिस' पुकारतो. मुफलिस म्हणजे कंगाल. या डावात सगळा क्रम उलटा होतो. तीन एक्के आलेला माणूस कपाळाला हात लावतो आणि वेगवेगळ्या रंगांची दुर्री, तिर्री, पंजी हाती आलेला हळूच चाल वाढवतो. क्रम उलटा आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. तरीही राजा-राणी पाहून सुखावण्याची सवय लगेच जात नाही, आणि ज्यांनी पहिल्याच चालीला पॅक व्हायला हवे ते आणखी दोन चाली खेळून मग पाने टाकतात.

संख्याशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. संभाव्यता समजावून सांगायला पत्त्यांच्या कॅटइतके स्वस्त साधन नाही, आणि त्या वाटेने मी पत्त्यांच्या इतिहासात शिरलो तो अजून बाहेर आलेलो नाही. या लेखाचा विषय मुफलिसचा अमेरिकेतला एक लांबचा भाऊबंद आहे. त्याचे नाव रॅझ. सात पानांचा, त्यातली चार पाने सर्वांसमोर उघडी असणारा आणि सर्वांत लहान हात जिंकणारा हा पोकर. पोकरच्या भाषेत लहान हात जिंकणाऱ्या प्रकारांना लोबॉल म्हणतात आणि काही पाने उघडी, काही झाकलेली अशा वाटपाला स्टड. म्हणजे रॅझ हा स्टड जातीचा लोबॉल. त्याच्या इतिहासात मला एकाच प्रश्नाचा माग घ्यायचा आहे : डाव केव्हा सोडायचा आणि केव्हा पुढे न्यायचा? जुगाऱ्याच्या जगात सोडणे हे फार काळ भित्रेपणाच्या खात्यात जमा होते. ते तिथून हिशेबाच्या खात्यात कसे आले, हे या खेळात जितके स्वच्छ दिसते तितके दुसऱ्या कुठल्या खेळात दिसत नाही, असे माझे मत आहे.

लहान पानाने मोठ्यावर मात करावी ही कल्पना अमेरिकेची नाही. आपल्या सावंतवाडीची गंजिफा पाहा. दशावतारी गंजिफेत १२० गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने. पण अंकांचा क्रम सगळ्या रंगांत सारखा नाही. पाच रंगांत राजा-प्रधानांच्या खालोखाल दश्शी मोठी, आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा व दश्शी सर्वांत हलकी. मोगल दरबारातल्या आठ रंगांच्या गंजिफेतही अशीच निम्मी विभागणी होती. युरोपात स्पॅनिश 'ओंब्रे' खेळात लाल रंगांच्या अंकांचा क्रम उलटा धरत. सतराव्या-अठराव्या शतकात हा खेळ तिकडच्या दिवाणखान्यांत चांगलाच रुळलेला होता. तेव्हा उलटी उतरंड खेळणाऱ्यांना नवी नव्हती. मात्र या जुन्या खेळांत उलटा क्रम ही लक्षात ठेवायची बाब होती. पैसे लावून, दर पानाला नव्याने 'थांबू की निघू' असे विचारणारा उलटा खेळ पोकरच्या पोटी जन्मला.

पोकर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात वाढला. सुरुवातीला तो वीस पानांचा होता, मग बावन्न पानांचा झाला. यादवी युद्धाच्या आगेमागे त्यात काही पाने उघडी वाटण्याची पद्धत आली. तिला नाव पडले 'स्टड-हॉर्स पोकर', म्हणजे वळू घोड्याचा पोकर. हे नाव इतिहासात टिकून राहिले ते एका कायद्यामुळे. कॅलिफोर्नियाने १८८५ मध्ये आपल्या दंडसंहितेतल्या निषिद्ध खेळांच्या यादीत 'स्टड-हॉर्स पोकर' घातला. पाने बदलून घेण्याच्या 'ड्रॉ' पोकरचा उल्लेख त्या यादीत नव्हता. एका शब्दाच्या असण्या-नसण्याने पुढे शंभर वर्षे खेळाचा भूगोल ठरला. लॉस एंजेलिसजवळच्या गार्डेना गावात १९३६ पासून पत्त्यांचे परवानाधारक क्लब उभे राहिले आणि तिथे फक्त ड्रॉ खेळला जाई. म्हणून कॅलिफोर्नियाचा लोबॉल हा ड्रॉ जातीचा : पाचही पाने झाकलेली, एकदा बदलायची आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचा. शेजारच्या नेवाडाने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला होता, तिथे स्टडला आडकाठी नव्हती. उघड्या पानांचा लोबॉल वाढायला जागा मिळाली ती तिथे. लास व्हेगासमधल्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत १९७० मध्ये पोकरची जागतिक स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्या काही वर्षांतच रॅझला तिच्यात स्वतंत्र स्थान मिळाले.

पुढे 'स्टड-हॉर्स पोकर' म्हणजे नक्की काय, हे कॅलिफोर्नियात कोणालाच छातीठोकपणे सांगता येईना. १९९० मध्ये तिथल्या अपील न्यायालयापुढे होल्डेम या नव्या लोकप्रिय प्रकाराचा प्रश्न आला. होल्डेम म्हणजे तो निषिद्ध स्टड-हॉर्स नव्हे, असा निवाडा झाला. तोवर शतक उलटून गेले होते.

आता खेळ कसा चालतो ते थोडक्यात. सुरुवातीला प्रत्येक जण बूट टाकतो, तीन पत्तीत टाकतो तसाच. प्रत्येकाला दोन पाने झाकलेली आणि एक उघडे मिळते. ज्याचे उघडे पान सर्वांत मोठे, म्हणजे सर्वांत वाईट, त्याला सक्तीची छोटी चाल द्यावी लागते. नंतर एकेक करून आणखी तीन पाने उघडी येतात आणि सातवे पुन्हा झाकलेले. दर पानाला चालींची एक फेरी होते. सातांतली सर्वांत लहान पाच पाने म्हणजे तुमचा हात. एक्का लहानच धरतात आणि जोड वाईट. ओळीने आलेली किंवा एकाच रंगाची पाने आली तरी बिघडत नाही. हाताला नाव त्याच्या सर्वांत मोठ्या पानाचे : अठ्ठीचा हात, सत्तीचा हात. एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी हा सर्वांत उत्तम. अमेरिकन खेळाडू त्याला 'चाक' किंवा 'सायकल' म्हणतात. तिथल्या प्रसिद्ध सायकल-छाप पत्त्यांवरून हे नाव आले असे सांगतात. ते पत्ते बाजारात आले तेही १८८५ मध्येच. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही, पण मला तो आवडतो.

चालींची रक्कम ठरलेली असते आणि इथेच या लेखाचे मर्म आहे. तिसऱ्या व चौथ्या पानाला चाल लहान. पाचव्या पानापासून ती दुप्पट होते.

पहिला निर्णय तिसऱ्या पानाला. हातात आठच्या आतली तीन वेगवेगळी पाने असतील तर खेळावे, एरवी सोडावे, हा जुना नियम. अशी तीन पाने किती वेळा येतात? बावन्नांतून तीन पाने निवडण्याचे २२,१०० प्रकार आहेत आणि त्यांतले ३,५८४ या अटीत बसतात. म्हणजे शंभरात सोळा. सहा डावांतले पाच डाव नुसते पाहत बसायचे. पैसे घेऊन मनोरंजनासाठी आलेल्या माणसाला हे मानवणे कठीण, आणि बसून राहण्याची तयारी असलेल्यांचे पोट त्याच्याच अधीरपणावर चालत आलेले आहे.

सोडण्याच्या या शिस्तीला पुस्तकात मान मिळवून देणाऱ्यांत हर्बर्ट यार्डली हे नाव मोठे. हा मूळचा गुप्तलिपी उलगडणारा माणूस. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेचे सांकेतिक संदेश फोडणारे खाते त्याने चालवले, १९३१ मध्ये त्याचाच गौप्यस्फोट करणारे पुस्तक लिहून सरकारची नाराजी ओढवून घेतली, आणि पुढे चीनमध्ये च्यांग काय-शेकच्या सरकारसाठी जपानी संदेश वाचले. १९५७ मध्ये त्याने पोकरवर पुस्तक लिहिले. इंडियानातल्या आपल्या गावचा गुत्ता आणि चुंगकिंगमधले दिवस यांच्या गोष्टी सांगता सांगता तो कडक नियम घालून देतो. समोर जे दिसते त्याला तुमची पाने हरवू शकत नसतील तर निघा, असा त्याच्या स्टडवरच्या उपदेशाचा सूर आहे. सांकेतिक मजकुराची काही अक्षरे दिसतात, काही दिसत नाहीत, आणि दिसणाऱ्यांवरून न दिसणाऱ्यांचा अंदाज बांधायचा, हेच त्याचे आयुष्यभराचे काम होते. स्टडच्या टेबलावर तो परका नव्हता.

पण रॅझमध्ये केवळ आपल्या पानांकडे पाहून भागत नाही. छक्की, सत्ती, अठ्ठी ही तीन पाने घ्या. समोर एक्का, तिर्री आणि चव्वी उघडी असतील तर ती टाकण्याच्या लायकीची. समोर राजा, राणी, गुलाम उघडे असतील तर त्याच तीन पानांवर चाल वाढवावी आणि बहुधा सगळे निघून जातील. दुसरी गोष्ट अधिक मजेची. मोठ्या हाताच्या स्टडमध्ये आपल्याला हवे असलेले पान दुसऱ्याकडे दिसले की वाईट वाटते. रॅझमध्ये आपल्याकडे आहेत तीच पाने दुसऱ्यांपुढे पडलेली दिसली तर आनंद मानायचा. माझ्याकडे छक्की, चव्वी, एक्का असताना मला जोड लावू शकणारी नऊ पाने उरलेली असतात. इतरांपुढे एकेक छक्की, चव्वी, एक्का दिसला तर ती सहाच राहतात. अट एवढीच की ती पाने लक्षात राहायला हवीत. डाव सोडणारा आपली पाने पालथी टाकतो आणि त्यानंतर ती कोणाला दिसत नाहीत. आठ जणांच्या टेबलावर दोन मिनिटांपूर्वी कोणापुढे काय होते, हे ज्याला आठवते त्याच्यासाठी हा खेळ वेगळा असतो.

इथवर यार्डलीच्या शिस्तीने निभते. खरा पेच पुढे आहे. तो सोडवायला गुप्तहेराच्या नजरेपेक्षा विमा कंपनीतल्या गणित्याची बैठक अधिक कामाची होती, आणि योगायोगाने तसा माणूस आलाही. डेव्हिड स्क्लान्स्की हा विमागणिताच्या परीक्षा दिलेला, काही काळ ती नोकरी केलेला आणि मग लास व्हेगासला गेलेला. त्याने रॅझवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. साधारण त्याच सुमारास, १९७० चे दशक संपताना, टेक्सासच्या डॉयल ब्रन्सनने नामवंत खेळाडूंकडून एकेक प्रकरण लिहवून घेऊन 'सुपर सिस्टिम' हा जाडजूड ग्रंथ काढला. त्यात लोबॉलचे प्रकरण जोई हॉथॉर्नचे होते, आणि स्क्लान्स्कीचेही एक प्रकरण होते, दुसऱ्या खेळावरचे. तोवर तोंडी, गुरुशिष्य परंपरेने चालत आलेले ज्ञान छापील झाले.

या मंडळींच्या पद्धतीने एक डाव मांडून पाहू. मी हा खेळ चिंचोक्यांवर खेळतो, म्हणून हिशेबही चिंचोक्यांत. आठ जण, प्रत्येकी एक बूट. लहान चाल दहा, मोठी वीस. राजा दिसणाऱ्याने सक्तीचे तीन टाकले. पंजी दाखवणाऱ्याने दहाची चाल केली. माझ्याकडे झाकलेले एक्का व चव्वी, उघडी सत्ती, तेव्हा मीही दहा घातले. बाकी सगळे निघाले. मध्ये एकतीस चिंचोके आहेत.

चौथे पान : मला राजा, त्याला छक्की. त्याने दहा लावले. आता मध्ये एकेचाळीस आणि मला द्यायचे दहा. नवशिक्याला हा सौदा स्वस्त वाटतो. दहाच्या बदल्यात एकेचाळीस कोण सोडेल? पण शेवटपर्यंत जायचे तर हे दहा, मग वीस, वीस आणि वीस, असे एकूण सत्तर द्यावे लागणार आहेत. जिंकायचे आहेत मधले एकतीस आणि त्याचेही सत्तर, म्हणजे एकशे एक. हा व्यवहार फायद्यात राहायला शंभरात एकेचाळीस वेळा तरी जिंकायला हवे. म्हणून आपल्याला वाईट आणि समोरच्याला चांगले पान आले की चौथ्यालाच निघावे, हा पुस्तकांचा सर्वसाधारण सल्ला. सुरुवातीची पाने फार चांगली असतील तर आणखी एक पान पाहायला दहा देणे परवडते, कारण चाल अजून लहान आहे आणि पुढच्या पानाला निघण्याची मुभा आहे. समजा, मी ते दहा दिले.

पाचवे पान. त्याला दुर्री आली, म्हणजे त्याच्यापुढे पंजी, छक्की, दुर्री. मला काय आले याच्या दोन शक्यता घेऊ. बाकी सहा जणांची टाकलेली पाने सोयीसाठी विसरू, म्हणजे न दिसलेली चव्वेचाळीस पाने उरतात.

मला तिर्री आली तर माझ्याकडे एक्का, तिर्री, चव्वी, सत्ती आणि एक निकामी राजा. आता दुर्री, पंजी, छक्की, अठ्ठी यांपैकी कोणतेही एक पान हवे. अशी तेरा पाने उरली आहेत आणि संधी दोन. अठ्ठीचा किंवा त्याहून चांगला हात बसण्याची शक्यता शंभरात एक्कावन्न.

तिर्रीऐवजी राणी आली तर माझ्याकडे चांगली तीनच पाने, आणि उरलेली दोन्ही पाने मनासारखी यायला हवीत, तीही एकमेकांपासून वेगळी. चव्वेचाळिसांतून दोन पाने निवडण्याचे ९४६ प्रकार, त्यांतले माझ्या कामाचे ११५. शक्यता शंभरात बारा.

एका पानाच्या फरकाने एक्कावन्नचे बारा झाले. तो वीस लावतो. शेवटपर्यंतचा माझा खर्च साठ आणि मिळकत मधल्या एक्कावन्नासह एकशे अकरा. म्हणजे शंभरात पस्तीस वेळा जिंकणे गरजेचे. तिर्री असेल तर बसलेला हातही हरू शकतो ही भीती धरूनसुद्धा एक्कावन्न आणि पस्तीस यांच्यामध्ये पुरेशी जागा आहे. राणी असेल तर पाने पालथी टाकण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि नेमक्या याच ठिकाणी माणसे टाकत नाहीत. कारण त्या राशीत त्यांचे एकवीस चिंचोके गेलेले असतात. बूट एक, मग दहा, मग दहा. ते 'आपले' वाटतात. बुडत्याचा पाय खोलात जातो तो इथे. हिशेब सांगतो की ते एकवीस आता कोणाचेच नाहीत, मध्ये पडलेल्या इतर चिंचोक्यांसारखेच ते चिंचोके आहेत. ज्यांनी या खेळाची मांडणी केली त्यांनी पाचव्या पानाला चाल दुप्पट केली ती बहुधा रक्कम वाढावी एवढ्यासाठीच. पण तिचा परिणाम असा झाला की, हाताचे भवितव्य बरेचसे स्पष्ट होण्याची वेळ आणि किंमत वाढण्याची वेळ एकच झाली. होल्डेममध्ये पहिली तीन सामायिक पाने एकदम उघडतात, ड्रॉमध्ये एकदाच पाने बदलतात, तिथे इतकी ठळक पायरी नाही.

याच पायरीवर एक उलटा धक्काही आहे. समजा, माझ्याकडे पाच पानांत एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी आणि राजा आहेत. समोरच्याकडे पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, म्हणजे त्याचा नव्वीचा हात तयार आहे. माझा हात अजून काहीच नाही. सगळी दहा पाने उघडी मांडून उरलेल्या बेचाळिसांचा हिशेब केला तर अखेरीस जिंकण्याची शक्यता माझी अधिक निघते, शंभरात सुमारे चोपन्न. कारण मला पंजीपासून नव्वीपर्यंतचे कुठलेही पान चालते आणि संधी दोन आहेत. तयार हात असलेला मागे आणि काहीच नसलेला पुढे. पैजेचे पैसे मोजणाऱ्या जुन्या मुत्सद्द्यांना हे पटायला जड गेले असणार. वर्गात मी हे उदाहरण फळ्यावर मांडत असे, तेव्हा हुशार मुलेसुद्धा आधी नव्वीवाल्याच्या बाजूने हात वर करत.

सहाव्या पानानंतरचा इतिहास छोटा आहे. पाचव्याला जो थांबला त्याने बहुधा अखेरपर्यंत थांबावे, कारण रास फुगलेली असते. वरच्या डावात शेवटच्या फेरीला मध्ये एकशे एक्कावन्न असतात आणि द्यायचे वीस. शंभरात बारा वेळा जिंकण्याची आशा असली तरी ते द्यायला हरकत नाही. पाचव्या पानाला टाकण्याजोगा हात आणि सातव्याला पाहण्याजोगा हात यांचे आकडे जवळपास सारखे असू शकतात, फरक मधल्या राशीचा. हे न कळता शेवटच्या चालीला रागाने पाने टाकणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांना त्या वेळी काही सांगणे धोक्याचे असते. मात्र कधी कधी निकाल सातवे पान येण्याआधीच लागलेला असतो. सातांतली दोनच पाने टाकून देता येतात. समोरच्यापुढे राजा, राणी, गुलाम अशी तीन मोठी पाने उघडी पडली असतील तर त्यातले एक तरी त्याच्या हातात राहणारच, म्हणजे गुलामापेक्षा चांगला हात त्याला शक्य नाही. माझा दश्शीचा हात तयार असेल तर मी जिंकलेलो आहे, आणि त्याने आणखी एक चिंचोकासुद्धा घालण्यात अर्थ नाही. झाकलेली पाने काहीही असोत.

स्क्लान्स्कीचा पुढे गाजलेला सिद्धान्त असा की, समोरच्याची पाने दिसत असती तर तुम्ही जसे खेळला असता त्याहून वेगळे खेळलात की फायदा त्याचा. झाकलेल्या पानांच्या खेळात हे दूरचे ध्येय वाटते. रॅझमध्ये सातांतली चार पाने खरोखरच दिसतात. जॉन फॉन नॉयमनने १९२८ मध्ये खेळांची गणिती उपपत्ती मांडली आणि १९४४ मध्ये मॉर्गेनस्टर्नबरोबरच्या ग्रंथात पोकरचे एक साधे प्रारूप सोडवून थापेबाजीलाही गणिताचा आधार दिला. पण त्यात पाने झाकलेलीच होती. उघड्या पानांच्या खेळात थापेला जागा कमी उरते आणि नोंदींना जास्त. व्यापाऱ्याच्या रोजखर्डीसारखा हा खेळ आहे. आतबट्ट्याचा व्यवहार कोणत्या ओळीपासून सुरू झाला, ते बोट ठेवून दाखवता येते.

इथे मला आपल्याकडच्या न्यायालयांकडे वळायचे आहे, कारण खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा प्रश्न त्यांच्यापुढेही आलेला आहे. कॅलिफोर्नियाच्या त्या कायद्यानंतर दोनच वर्षांनी, १८८७ मध्ये, मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा आला. निव्वळ कौशल्याच्या खेळांना तो लागू नाही. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी खेळणाऱ्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तो १९६७ चा आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण हा निवाडा प्रसिद्ध आहे. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते पान राखायचे आणि कोणते टाकायचे यात कौशल्य आहे, म्हणून रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला. त्याच निवाड्यात तीन पानांच्या खेळाला, म्हणजे आपल्या तीन पत्तीला, निव्वळ नशिबाचा खेळ म्हटले आहे.

निवाड्याबद्दल पूर्ण आदर ठेवून मला एक शंका आहे. पान टाकण्यात कौशल्य दिसते, मग अख्खा हात टाकण्यात ते का दिसू नये? तीन पत्तीत पाने बदलता येत नाहीत हे खरे, पण पॅक केव्हा व्हायचे हे दर चालीला ठरवावेच लागते. रॅझमध्येही एकही पान बदलता येत नाही. नशीब देईल ती सात पाने. खेळाडूच्या हातात एवढेच की, पैसे लावायचे, वाढवायचे की उठायचे. आणि वर मांडलेला डाव पाहिल्यावर, तिथे कौशल्य नाही असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. अडचण अशी की, हे कौशल्य पुराव्यात दाखवता येत नाही. जिंकलेला डाव दिसतो. न खेळलेल्या डावात वाचलेले पैसे कुठल्याच वहीत जमा होत नाहीत. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या खेळांवर बंदी घालताना कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. ज्यांची घरे या व्यसनात बसली त्यांच्याकडे पाहता त्या बंदीमागची काळजी समजते. व्यसनी माणसाला शक्यता ठाऊक नसतात असे नाही, त्याला उठता येत नाही. रॅझवरची सगळी पुस्तके उठता येणाऱ्यांनी उठता येणाऱ्यांसाठी लिहिलेली आहेत, हे त्यांचा अभ्यासक म्हणून नोंदवलेच पाहिजे.

अमेरिकेत रॅझला फार मोठा चाहतावर्ग कधीच लाभला नाही. पाच खेळ आलटून पालटून खेळायची 'हॉर्स' नावाची फेरी आहे, त्या नावातला 'र' रॅझचा. २००६ च्या जागतिक स्पर्धेत पन्नास हजार डॉलर प्रवेशशुल्काची हॉर्स पहिल्यांदा झाली. शेवटच्या टेबलापर्यंत सगळे पाचही खेळ खेळत आले, पण अंतिम टेबल दूरचित्रवाणीवर दाखवायचे होते, म्हणून तिथे फक्त बिनमर्यादेचा होल्डेम ठेवला गेला. प्रेक्षकाला एका चालीत सगळे पणाला लावणारा माणूस पाहायचा असतो. चौथ्या पानाला राजा आला म्हणून पाने पालथी घालणारा पाहायला कोण बसेल? चिप रीस तासन्‌तास चाललेल्या शेवटच्या झुंजीत अँडी ब्लॉकला हरवून जिंकला. सात पानांच्या स्टडमध्ये त्याचा अधिकार मोठा होता, ब्रन्सनच्या ग्रंथातले त्या खेळाचे प्रकरण त्याचेच. पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, अंतिम टेबलावर पाचही खेळ परत आले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात रीस वारला. त्याच्या नावाचा स्मृतिचषक आता त्या पन्नास हजारांच्या स्पर्धेच्या विजेत्याला देतात. २०१० मध्ये ती आठ खेळांची झाली. रॅझ त्यांच्यात आहे, आणि पाचव्या पानाला चाल अजूनही दुप्पट होते.